लय क्लिकमध्ये नसते : बास गिटारच्या रियाजाबद्दलचे गैरसमज

पनवेल, कामोठे, खारघर, उलवे या भागात बास गिटार शिकणारी मुलंमुली आता बऱ्यापैकी दिसतात. काही कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतात, काही वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहातल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात साथीला बसतात आणि लग्नसराईत आगरी-कोळी हळदीचं बोलावणं आलं तर तेही घेतात. तिन्ही ठिकाणची गाणी वेगळी, श्रोते वेगळे. बासकडून अपेक्षा मात्र एकच असते, ती म्हणजे लय हलता कामा नये. ती कमवायची कशी, याबद्दल इतक्या अर्धवट समजुती कानावर येतात की मेहनती मुलंसुद्धा महिनोन् महिने भलताच रियाज करत राहतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण लय शिकता येते. तिच्यासाठी लागणारी बरीचशी साधनं तबल्याच्या वर्गात आपल्या शेजारीच पडलेली आहेत.

गैरसमज : लय रक्तातच असावी लागते, शिकून येत नाही

शिकायला आलेल्या मुलाच्या तोंडावर हे वाक्य फेकणारी मोठी माणसं भेटतात, तेव्हा खरंच राग येतो. हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या होत्या. ठेक्यातली सम गाळली की त्या लहरींत ठळक फरक पडत होता. म्हणजे ठोक्याची चाहूल घेण्याची कुवत माणूस जन्मतःच घेऊन येतो. ठोका अजिबात न सापडणारी माणसं असतात, नाही असं नाही. कॅनडातल्या अशा एका तरुणावर २०११ मध्ये शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला. पण त्यावर लेख लिहावासा वाटला, तो असा माणूस विरळा म्हणूनच.

मग हळदीच्या मांडवात वाढलेलं पोर सहा मात्रांचा ठेका सहज धरतं आणि दुसऱ्याला तोच जड जातो, हे कसं? कानावर लहानपणापासून काय पडलं, याचा तो परिणाम आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये बाल्कन प्रदेशातल्या विषम तालांवर काम केलं. या तालांशी संबंध न आलेल्या सहा महिन्यांच्या बाळांनाही त्यांतला बिघाड ओळखू येत होता. बारा महिन्यांच्या बाळांना तो येईनासा झाला होता, कारण तोवर घरातल्या संगीताने कान घडवला होता. घरी थोडे दिवस तेच संगीत ऐकवल्यावर या बारा महिन्यांच्या बाळांना ते पुन्हा जमू लागलं. मोठ्या माणसांना नुसतं ऐकून तेवढं साधलं नाही. म्हणून मोठेपणी शिकणाऱ्याने ऐकण्यावर थांबू नये. आधी तोंडाने म्हणावं, हाताने दाखवावं आणि मग वाजवावं.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षांत विद्यार्थ्याला हातावर टाळी-खाली दाखवत ठेक्याचे बोल म्हणायला लावतात, एकपटीत आणि दुगुनीत. बासच्या विद्यार्थ्यानेही इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. केरवा घ्या : धा गे ना ती, न क धीं ना. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. बास बाजूला ठेवून हात सावकाश चालू करा आणि बोल म्हणा. मग हाताची गती तीच ठेवून बोल दुप्पट करा आणि परत एकपटीत या. दुगुनीत शिरताना हात पळतो, बाहेर येताना रेंगाळतो, आणि दोष नेमका त्या सांध्यावर दिसतो. हाताची गती तसूभरही न बदलता ही ये-जा जमली की वाद्य हातात घ्यायचं. पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकलने जाणाऱ्याचा एका बाजूचा तासापेक्षा जास्त वेळ गाडीत जातो. हा रियाज ओठांतल्या ओठांत, मांडीवर बोटं टेकवत, त्या वेळात आरामात होतो.

मुंबईत वाढलेली मोहिनी डे आज जगभर वाजवते. तिचे वडील सुजॉय डे स्वतः बासवादक, त्यामुळे तिच्या हातात बास अगदी लहानपणी आला. तोंडाने बोल म्हणत तीच आकृती ती तारांवर उमटवते, तेव्हा बोटं बोलांच्या मागून चाललेली स्पष्ट ऐकू येतात. हा क्रम तिच्यापुरता नाही. जे तोंडात पक्कं नाही ते बोटांत पक्कं होत नाही.

गैरसमज : बास चुकला तरी कुणाला कळत नाही

कळतं, आणि इतर वाद्यांपेक्षा जास्त कळतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांना एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर एकत्र, ठरावीक अंतराने ऐकवले. मध्येच दोहोंपैकी एक स्वर ५० मिलिसेकंद लवकर वाजवला. खालचा स्वर लवकर आला की मेंदूची प्रतिक्रिया जास्त ठळक होती. ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तेव्हा बोटही खालच्या स्वराच्या चुकीमागे जास्त ओढलं गेलं. याचं मूळ अंतर्कर्णाच्या रचनेतच असावं, असं त्यांना दिसलं. उंच स्वरांतली मेलडी आपण लक्ष देऊन ऐकतो, पण पाय खालच्या स्वरांच्या हुकमात असतात.

श्रोत्याला दोषाचं नाव सांगता येत नाही, एवढंच. नाट्यगृहातून बाहेर पडताना तो ‘आज गाणी रंगली नाहीत’ म्हणतो. हळदीत तर तेवढंही कुणी म्हणत नाही, नाचणारे सरळ खुर्च्यांवर जाऊन बसतात.

गैरसमज : मेट्रोनोम लावून तासभर वाजवलं की टायमिंग सुधारतं

सगळ्यांत जास्त वेळ वाया घालवणारी समजूत ही. योहान मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. त्यातली मुख्य कल्पना आम्सटरडॅमच्या विंकेलची होती. तेव्हापासून हे यंत्र विद्यार्थ्याला लय दाखवत आलं आहे. दाखवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. प्रत्येक मात्रेवर क्लिक वाजत असला की तुम्ही प्रत्येक मात्रेला त्याच्याकडून दुरुस्ती करून घेता. चूक पुढच्याच मात्रेला भरून निघते आणि आपण लयीत आहोत असं वाटत राहतं. क्लिक बंद केला की दहा-बारा आवर्तनांत गाणं पळू लागतं, आणि वादकाला पत्ताही नसतो.

म्हणून क्लिक हळूहळू काढून घ्यायचा. ए तारेचा तिसरा फ्रेट धरा, हा एकच स्वर पुरेल. सुरुवातीला मिनिटाला ८० क्लिक, प्रत्येक मात्रेवर एक. आवाज इतका बारीक ठेवा की तुमचा स्वर नेमका त्याच्यावर पडला तर क्लिक झाकला जावा. क्लिक वेगळा ऐकू येतोय म्हणजे तुम्ही त्याच्या पुढे तरी आहात किंवा मागे तरी. एकसारख्या ठोक्यांबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं काही मिलिसेकंद आधीच आपटतात, आणि त्यांना ते जाणवत नाही. ही सवय सार्वत्रिक आहे, संगीत शिकलेल्यांत ती कमी असते.

मग ४० वर या, पण वाजवण्याची गती तीच ठेवा. आता क्लिक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर येईल. ते सोपं वाटू लागलं की तोच क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरा, जिथे ड्रमचा स्नेअर पडतो. पहिल्यांदा हे करताना कान सारखा क्लिकलाच सम मानायला धावतो. अशा वेळी थांबून, बोल म्हणत, हातावर मात्रा दाखवत पुन्हा सुरू करा. घाईने रेटून नेलं तर कान कधीच वळत नाही.

त्यानंतर २० वर, म्हणजे चार मात्रांत एक क्लिक. दोन क्लिकमधलं अंतर आता तीन सेकंदांचं झालं. काही ॲप ४० च्या खाली उतरत नाहीत. त्यांत मधल्या मात्रा मुक्या करण्याची सोय शोधा. तीन सेकंद मुद्दाम निवडले आहेत. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेलं की पुढचा ठोका कधी येईल याचा माणसाचा अंदाज कोसळतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. या अंतरात टिकायचं तर मधल्या मात्रा तुम्हाला स्वतःलाच मोजाव्या लागतात आणि रियाज खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतो. तुमची सम वाजून गेल्यावर क्लिक आला तर तुम्ही पळालात, आधी आला तर रेंगाळलात. एवढी एक खबर तीन सेकंदांतून एकदा मिळते, आणि तेवढी पुरते.

शेवटी क्लिक फक्त केरव्याच्या खालीवर ठेवा, समेवरचा मुका करा. आठ मात्रांत तो फक्त पाचवीवर वाजेल आणि सम पूर्णपणे तुमच्या जबाबदारीवर राहील. हा व्यायाम मला सगळ्यांत प्रिय आहे. खाली ही रिकामी जागा नसून मोजलेली जागा आहे, हे तबलजीला पहिल्या महिन्यात कळतं. बासवाल्याला ते बऱ्याचदा फार उशिरा कळतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे दोन आवर्तनं क्लिक, दोन आवर्तनं शांतता, मग चार आणि चार. क्लिक परत येईल तेव्हा तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला आहात ते वहीत लिहून ठेवा. सतत एकाच बाजूला सापडलात तर आपली खोड कोणती ते कळलं.

गैरसमज : मेट्रोनोममुळे वादन यंत्रासारखं होतं

वर सांगितल्याप्रमाणे क्लिक काढून घेत गेलात तर यंत्रावर विसंबणं कमीच होतं. आणि यंत्राचा बास म्हणजे निर्जीव, हेही खरं नाही. मुंबईतले चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बास गिटार आणि इतर वाद्यं वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तिच्यातला बास रोलॅण्ड टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा आहे, आणि ती तबकडी आज जगभर आवडीने ऐकली जाते. या यंत्रात ओळ भरताना स्वर आधी घालतात, मग प्रत्येक जागेसाठी तीनपैकी एक निवडतात : नवा स्वर, आधीचाच स्वर पुढे धरणं किंवा शांतता. शिवाय कोणता स्वर ठासायचा आणि कोणता पुढच्यात सरकवायचा, हेही ठरवता येतं. ओळीतला जिवंतपणा बराचसा या निवडींतून येतो. पुढचा मुद्दा त्यातूनच निघतो.

गैरसमज : टायमिंग म्हणजे स्वर बरोबर मात्रेवर सुरू करणं

हे अर्धं टायमिंग झालं. स्वर कधी थांबला, हा उरलेला अर्धा भाग. त्याचा रियाज जवळजवळ कुणी करत नाही. एकाच ठेक्यावर, एकाच मात्रेवर, तोच स्वर वाजवा. एकदा तो पुढच्या मात्रेपर्यंत धरा, एकदा निम्म्यावर तोडा. पहिल्यात गाणं जड चालतं, दुसऱ्यात उडतं, सुरुवात मात्र दोन्हींत एकच असते. ड्रमर स्नेअर मारतो त्या क्षणी बासचा स्वर सुटला तर स्नेअर मोकळा ऐकू येतो. बास तसाच घोंघावत राहिला तर ड्रमर कितीही चांगला असला तरी ठेका गढूळ वाटतो.

स्वर तोडायचं काम मुख्यतः डाव्या हाताचं. तिसऱ्या फ्रेटवर दाबलेलं बोट पूर्ण उचललं तर मोकळी ए तार घुमायला लागते आणि नको तो स्वर पसरतो. बोटाचा दाब फक्त सैल करायचा, इतकाच की तार फ्रेटवरून सुटेल पण बोट तारेला चिकटलेलं राहील. त्याच वेळी मागची बोटं आडवी होऊन शेजारच्या तारांवर अलगद टेकतात. उजव्या हाताचा अंगठा ई तारेवर विसावलेला असतोच, ती गप्प राहते. आरशासमोर बसून हे पाहा. सुरुवातीला दाब सोडताना अख्खा हात उडतो. नंतर बाहेरून पाहणाऱ्याला हालचाल दिसतसुद्धा नाही.

यासाठी उलटा व्यायाम करून घ्यायचा. क्लिक मिनिटाला ६० वर ठेवा, स्वर दोन क्लिकच्या बरोबर मध्यावर सुरू करा आणि क्लिकवर तोडा. म्हणजे क्लिक येतो आणि शांतता होते. डोकं गरगरतं खरं, पण काही दिवस केलं की स्वराचा शेवट ऐकायची सवय लागते, आणि पुढे ती सुटत नाही. मग हीच लांबी जागेप्रमाणे बदलायला शिका. बंदिस्त सभागृहात आणि सिमेंटच्या भिंतींच्या खोलीत खालचा स्वर रेंगाळतो, तिथे तोडून वाजवावं. मोकळ्या मैदानातल्या मांडवात आवाज पटकन विरतो, तिथे धरावा लागतो. नाट्यगृहात शोभलेली ओळ मैदानात तुटक वाटते, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

गैरसमज : जलद जमलं की सावकाश आपोआप जमतं

अनुभव नेमका उलटा आहे. मिनिटाला १६० च्या गतीत दोन ठोक्यांमध्ये ३७५ मिलिसेकंद असतात, चुकायला जागाच नसते. ४० च्या गतीत दीड सेकंद मिळतो आणि त्यात लय सुटायला भरपूर वाव असतो. तबल्यात विलंबित एकतालाचा ठेका सांभाळणाऱ्याला मान मिळतो तो उगाच नाही. रोजच्या रियाजाची पहिली दहा मिनिटं ४० वर, एकाच स्वरावर घालवावीत. कंटाळा येतो, येऊ द्या.

गैरसमज : लयीची जबाबदारी ड्रमरची, बासने त्याच्यामागे जायचं

मागे जाणारा बास मागेच राहतो. दोघांनी आपापली लय घेऊन यावं आणि एकमेकांना भेटावं. ड्रमर किंवा ऑक्टापॅडवाल्याबरोबर हे करून पाहा : चार आवर्तनं दोघं वाजवा, चार आवर्तनं तो गप्प बसेल आणि तुम्ही चालू ठेवाल, मग तो समेवर परत येईल. पुढच्या फेरीत तुम्ही गप्प. भेटीच्या समेवर दोघांचे ठोके फाटले तर दोष कुणाचा यावर वाद घालण्यापेक्षा पुन्हा सुरू करा. आपल्याकडे बऱ्याच पार्ट्यांत बास कीबोर्डच्या डाव्या हातावर किंवा आधी भरलेल्या लूपवर भागवतात. अशा पार्टीत बासवाल्याला ही भेटीची सवयच लागत नाही. म्हणून बाहेर एखादा ड्रमर मित्र शोधाच.

मंचावर आणखी एक गोष्ट छळते, ती म्हणजे अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. तुम्ही ऑक्टापॅडच्या स्पीकरपासून सात मीटरवर उभे असाल तर त्याचा ठोका तुम्हाला २० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तुमचा त्याला तितकाच उशिरा. दोघंही दुसऱ्यासाठी थांबले की गाणं सावकाश होत जातं. उपाय साधा आहे. ठेकावाल्याच्या शेजारी उभे राहा, ते शक्य नसेल तर त्याचा आवाज आपल्या मॉनिटरमध्ये मागून घ्या.

बासचा आवाज मंचावर गुळगुळीत करू नये, तोही याच कारणासाठी. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला ४१.२, म्हणजे तिचं एक कंपन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. स्वर नेमका कधी आला हे कानाला त्यातल्या वरच्या आंदोलनांवरून, बोटाच्या त्या ‘टक्’वरून कळतं. ॲम्प्लिफायरवरचं ट्रेबल अगदी शून्यावर नेलं की हा ‘टक्’ जातो आणि बरोबर वाजवलेला स्वरसुद्धा उशिरा आल्यासारखा वाटतो.

गैरसमज : कोळीगीताच्या ठेक्याला कसला आलाय रियाज

हे ऐकलं की वाटतं, बोलणारा कधी हळदीत पूर्ण रात्र वाजवायला बसलेला नाही. बरीचशी कोळीगीतं आणि हळदीची गाणी सहा मात्रांच्या झुल्यावर चालतात. सहाच्या दोन वाटण्या होतात : तीन-तीनच्या दोन किंवा दोन-दोनच्या तीन. नाचणाऱ्यांचे पाय सहसा पहिल्या वाटणीवर पडतात, म्हणजे एक आणि चारवर. वरून ढोलकी किंवा ऑक्टापॅड मध्येच दुसरी वाटणी दाखवून जातो, एक-तीन-पाच. बासने कोणती धरायची आणि कुठे सोडायची, यावर सगळी मजा असते. ज्याच्या मनात फक्त चार मात्रांचा रॉकचा ठेका पक्का आहे तो या ठिकाणी गोंधळतो. तीनच्या गटातली तिसरी मात्रा तो आखडती घेतो आणि झुल्याचा लंगडा चार करून टाकतो. नवख्याची लय बहुतेक वेळा इथेच पळते.

यासाठी क्लिक मिनिटाला ५० वर ठेवा आणि प्रत्येक क्लिकला सम धरा. एका आवर्तनाला १.२ सेकंद, एका मात्रेला ०.२ सेकंद, नाचायला योग्य गती. तोंडाने दादऱ्याचे बोल म्हणा : धा धी ना, धा ती ना. चार आवर्तनं फक्त एक आणि चारवर स्वर द्या. पुढची चार आवर्तनं एक, तीन आणि पाचवर द्या. मग परत एक आणि चारवर या. तोंडातले बोल या अदलाबदलीत जराही बदलता कामा नयेत. बदलले तर तुम्ही मात्रा मोजायच्या सोडून आकृतीवर वाहत गेलात. हे बसलं की स्वर चारवर न देता सहावर द्या, पुढच्या समेच्या एक मात्रा आधी, आणि तो समेपलीकडे दुसऱ्या मात्रेपर्यंत धरा. सम तुम्ही वाजवली नाही तरी ती ऐकू आली पाहिजे. आवर्तनाच्या शेवटी येणारी ही ओढ नाचणाऱ्याला खेचते. ती एक केसभर लवकर आली तर घाई वाटते, उशिरा आली तर पायाची लय चुकते.

दादरा, खेमटा, कोळी ठेका यांतली ही सहाची गणितं ज्याच्या हातात बसली त्याला परदेशी ब्लूज किंवा आफ्रिकी ठेके परके वाटत नाहीत. उलटा प्रवास करणाऱ्यांना मात्र बराच घाम गाळावा लागतो.

गैरसमज : महाग वाद्य, नव्या तारा, दोन बोटांचं तंत्र, यांवर टायमिंग अवलंबून असतं

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरत, आणि तारा तुटेपर्यंत बदलत नसत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत अगणित ध्वनिमुद्रणं केलेल्या कॅरल के पिक वापरत. याउपर काही सांगायची गरज नाही. वाद्याच्या तारा फ्रेटवर खडखडत नसतील, सूर टिकत असेल, तर रियाजाला ते पुरे. फक्त ॲम्प्लिफायरशिवाय फार काळ वाजवू नका. ऐकू यावं म्हणून हात जोरात मारायला लागतो आणि मग ॲम्प्लिफायरला जोडल्यावर स्वर फुटतात. सोसायटीत शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर घ्या. बासचा आवाज भिंतीतून सगळ्यात लांब जातो.

गैरसमज : मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर असला की झालं

फक्त क्लिक ब्लूटूथवरून येत असेल आणि बास तारेने जोडलेल्या ॲम्प्लिफायरमधून ऐकत असाल, तर फारसं बिघडत नाही. ब्लूटूथमुळे आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, पण तो प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढाच उशिरा येतो. तुम्ही जे ऐकता त्याच्याबरोबर वाजवता, हिशेब जुळतो. बासचाच आवाज ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकत असाल तर मात्र बोट आणि कान यांची फारकत होते. तार छेडली आत्ता, ऐकू आली नंतर. मेंदू ती भरून काढायला बोट आधी टाकायला शिकतो, आणि ही वाईट सवय मंचापर्यंत येते. बाससाठी वायरचाच हेडफोन वापरा.

मोबाइलचा खरा उपयोग रेकॉर्डिंगसाठी आहे. वाजवताना कान वाजवण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे स्वतःचा दोष त्या क्षणी कळत नाही. रेकॉर्डिंग बारकाईने तपासायचं तर संगणकावर ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम घ्या, क्लिक एका ट्रॅकवर आणि बास दुसऱ्यावर ठेवा, आणि लहरी मोठ्या करून पाहा. ८० च्या गतीत दोन मात्रांमधलं अंतर ७५० मिलिसेकंद असलं पाहिजे. संगणकात रेकॉर्ड होताना सगळा बास थोडा पुढे किंवा मागे सरकलेला असू शकतो, त्यामुळे प्रत्येक स्वर क्लिकपासून किती दूर आहे यावरून स्वतःला दोष देऊ नका. स्वरांचं आपापसांतलं अंतर किती सारखं आहे ते पाहा. सगळे स्वर एकसारखे २० मिलिसेकंद पुढे असतील तर काळजीचं कारण नाही. काही १० पुढे आणि काही ३० मागे असतील, तर रियाज त्या विखुरण्यावर हवा. कुठल्या मात्रेवर ते विखुरतं हेही दिसेल. बहुतेकांचं ते आकृती बदलताना आणि लांब स्वरानंतर होतं. ती मात्रा सापडली की पुढच्या आठवड्यात क्लिक नेमका त्याच मात्रेवर मुका करा आणि पुन्हा रेकॉर्ड करा.